केमोथेरपी आणि मूत्रपिंडांची काळजी

कर्करोगावरील औषधांत सिस्प्लॅटिनला मोठे स्थान आहे. अमेरिकेत १९७८ साली त्याला मान्यता मिळाली. तोंड-घसा, गर्भाशयमुख, फुप्फुस अशा अनेक कर्करोगांत ते आजही दिले जाते. परंतु तेच औषध मूत्रपिंडांना इजा करू शकते, हे आपण जाणून घेतले पाहिजे.

हे औषध मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते. जाता जाता ते मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिकांच्या पेशींत साठते व त्यांना दुखावते. रक्तातील मॅग्नेशियमही घटते. सुरुवातीस काही दुखत नाही, लघवीही नेहमीसारखी होते. रक्तातील क्रिएटिनिन वाढते ते काही दिवसांनी. म्हणून "त्रास नाही, मग तपासणी कशाला?" असे आपण म्हणू नये.

औषधाआधी व नंतर सलाईन देतात, ते अशक्तपणासाठी नव्हे, मूत्रपिंडांच्या रक्षणासाठी. ते अर्धवट सोडून घरी येऊ नये. प्रत्येक फेरीपूर्वी रक्त तपासून घ्यावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. उलट्या-जुलाब झाले, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात कळवावे. पाणी किती प्यावे, हेही विचारावे. हृदयरोग्याचे प्रमाण वेगळे असते.

मूत्रपिंडे आधीच कमजोर असल्यास डॉक्टर मात्रा घटवतात किंवा काही कर्करोगांत कार्बोप्लॅटिन देतात. तेव्हा भीतीने उपचार सोडू नयेत. रुग्णासोबत जाणाऱ्याने जुने रिपोर्ट व चालू गोळ्यांची यादी जवळ ठेवावी. एवढी जागरूकता आपल्यापैकी प्रत्येकाला जमण्यासारखी आहे.