आधी बफर, मग बाथ



सुरतेच्या पांडेसरा, सचिन भागातल्या डाइंग मिलमध्ये पॉलिस्टर १३० अंश सेल्सिअसला डिस्पर्स रंगांनी रंगवतात. रंगाच्या पाण्याचा, म्हणजे बाथचा, पीएच साधारण ४.५ ते ५ ठेवावा लागतो. तो चढला तर त्या उष्णतेत काही रंग मोडतात आणि शेड बदलते. म्हणून पीएच मीटरवरचा आकडा पटला नाही की लगेच ॲसेटिक ॲसिडला हात घालू नये. आधी इलेक्ट्रोड बफरमध्ये बुडवावा. चूक बाथची की इलेक्ट्रोडची, हे तिथेच कळते.

बफर म्हणजे थोडे आम्ल किंवा अल्कली पडले तरी आपला पीएच सहसा न सोडणारे द्रावण. डिस्पर्सच्या बाथसाठी ७ आणि ४ चे बफर घ्यावे. सुती कापडाच्या रिॲक्टिव्ह रंगाईसाठी ७ आणि ९.२ किंवा १० चे. बफरचा आकडा तापमानाबरोबर सरकतो. बोरॅक्सचे बफर २५ अंशांना ९.१८ असते, ४० अंशांना ९.०७. सुरतेच्या मे महिन्यात हा फरक विसरून चालत नाही. मीटरची तापमान-भरपाई इलेक्ट्रोडचा उतार, म्हणजे एका पीएचमागे पडणारा मिलिव्होल्टचा फरक, सुधारते. बफरचे त्या तापमानाचे मूल्य तक्त्यावरूनच घ्यावे लागते.

इलेक्ट्रोड थेट बफरच्या बाटलीत कधीही बुडवू नये. ४ चे बफर बहुधा मुळातच गुलाबी रंगवलेले असते, त्यामुळे त्यात लाल डाय मिसळला तरी डोळ्यांना कळत नाही. छोट्या बीकरमध्ये ओतून घ्यावे आणि वापरलेले फेकून द्यावे; बाटलीत परत ओतण्याची काटकसर महागात पडते.

मीटर बफरशी जुळवून देणारे कॅलिब्रेशनचे बटण जितके सोयीचे, तितकेच फसवे. म्हातारा होत चाललेला इलेक्ट्रोडही ते काही काळ सांभाळून घेते. म्हणून पीएचबरोबर मिलिव्होल्टही वहीत लिहावेत. २५ अंशांना निरोगी इलेक्ट्रोड ७ च्या बफरमध्ये शून्याच्या आसपास, फार तर ३० इकडेतिकडे दाखवतो, आणि ७ वरून ४ वर जाताना सुमारे १७७ मिलिव्होल्टचा फरक पडतो. समजा ७ मध्ये उणे १२ आणि ४ मध्ये १५६ आले. फरक १६८, म्हणजे १७७ च्या तुलनेत उतार ९५ टक्के. हा इलेक्ट्रोड अजून कामाचा आहे. धुऊनही उतार ९० च्या खाली राहिला तर नवा मागवावा.

दोन्ही बफरमध्ये आकडा जवळजवळ तोच आला तर इलेक्ट्रोडच्या टोकाचा काचेचा फुगा उजेडात धरून तडा शोधावा, मग वायर आणि कनेक्टर पाहावेत. उतार ठीक, पण ७ मध्ये शून्यापासून फार दूर, किंवा आकडा सतत सरकतो, तर संशय जंक्शनवर, म्हणजे इलेक्ट्रोडमधले द्रावण बाहेरच्या द्रावणाला भिडते त्या जागेवर, घ्यावा: बारीक डाय आणि डिस्पर्सिंग एजंट तिथेच अडकतात. कोमट साबणाच्या पाण्यात ठेवून धुवावे, आतले पोटॅशियम क्लोराइड बदलावे, आणि मोजताना भरण्याचे भोक उघडे असावे. आकडा बरोबर पण संथ येत असेल तर फुगा मळला आहे, ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये थोडा वेळ ठेवावा. टिश्यूने घासू नये, नुसते टिपावे.

रात्री इलेक्ट्रोड ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवावा, डिस्टिल्ड पाण्यात नाही. सुकलेला सापडला तर पोटॅशियम क्लोराइडच्या याच द्रावणात रात्रभर भिजवून सकाळी पुन्हा उतार काढावा.

– मामा