बांध आणि उघाडी

मुलांना मर्यादा कशी घालावी, असे ऐरोलीस कीर्तन आटोपल्यावर आईबाप आम्हांस पुष्कळदा विचारतात. दोघेही नोकरीला, पोरगं मोबाइल सोडीत नाही. रागे भरले तर घरात रडारड, सोडून दिले तर मनाला टोचणी. तेव्हा या पाठात त्याचाच विचार करू.

'मर्यादा' म्हणजे सीमा. शेताची हद्दही मर्यादा आणि समुद्राचा किनाराही मर्यादाच. सिडको 1970 साली स्थापन झाली व पुढे नवे शहर उभे राहिले. त्यापूर्वी ठाण्याच्या खाडीकाठी आगरी शेतकरी खाऱ्या जमिनीत भात पिकवीत. खाडीचे पाणी अडवायला मातीचा बांध असे आणि बांधाला उघाडी असे. भरतीला उघाडी बंद. ओहोटीला ती उघडली की शेतात साचलेले पावसाचे पाणी निघून जाई. बांधाला खांड पडली तर खारे पाणी शिरून पीक जाई. उघाडीच नसली तर पावसाच्या पाण्यानेच ते कुजे.

मुलाचेही असेच आहे. 'जेवताना मोबाइल नाही' हा बांध. आज पाहुणे आले म्हणून दिला, उद्या रडलं म्हणून दिला, की पडली खांड! मूल काही वाईट नसते; रडले की मिळते, एवढेच ते शिकते. म्हणून नियम थोडे असावेत, शांतपणे सांगावेत आणि रोज तेच राहावेत. बापाच्याच ताटाशेजारी मोबाइल असेल, तर पोराने कोणाचे ऐकावे?

उघाडी म्हणजे काय? पोराला रुसू द्यावे, रडू द्यावे, त्याचे म्हणणे ऐकावे. "मोबाइल नाही, बाळा, पण जेवण झाल्यावर गोष्ट सांगू की खाली फिरायला जाऊ?" असे विचारावे. नकार एका गोष्टीला असतो, मुलाला नव्हे.

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तीत पोहायला भिऊन लपलेल्या श्यामला आई बाहेर काढते, मारतेही, आणि विहिरीवर पाठवतेच. तो परतल्यावर मात्र तीच त्याला जवळ घेते, आपण असे का केले ते सांगते. मग मारावे काय, अशी शंका कोणी घेईल. तर नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतसुद्धा मुलाला शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. मग घरी आईबापांनी तरी हात का उगारावा? त्या माउलीपासून घ्यायचा तो निश्चय आणि नंतरची माया, शिंपटी नव्हे.

पहिले काही दिवस पोर अधिकच रडेल. भरती आली म्हणून शेतकरी बांध फोडीत नसे. ओहोटीची वाट पाही. आपणही तेवढा धीर धरावा.