पुनरुद्भव आणि रुग्णाचे ज्ञापकत्व

दोष शेष राहिल्यास अर्बुद पुन्हा उद्भवते, हे सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात सांगितलेच आहे. मात्र पुनरुद्भवाच्या वेळी रुग्णाच्या घराची स्थिती काय असते, याचा विचार आपल्या चिकित्सालयांत क्वचितच होतो.

शुक्रवार पेठेतील 22 वर्षांच्या एका विद्यार्थ्यास हॉजकिन लिम्फोमा दुसऱ्यांदा उद्भवला, तेव्हा वडील पक्षाघाताने अंथरुणास खिळलेले होते. आई एकटी दोघांचे करीत होती. केमोथेरपी चालू असताना तो तिच्यासह बलवर्धक चूर्ण मागण्यास आला. आईस बाहेर बसवून विचारले, तेव्हा दोन दिवस ज्वर असल्याचे कळले. तिला आणखी एक जागरण नको, म्हणून त्याने ते लपविले होते. चरकाचार्यांनी रुग्णाच्या चार गुणांत ज्ञापकत्व गणले आहे. परिचारक थकला की प्रथम तेच लोपते.

केमोथेरपीत श्वेतपेशी घटतात. अशा वेळी 100.4 अंश फॅरनहाइट ज्वर आढळल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. काढा देऊन वाट पाहणे हा अपराधच होय. त्यास आम्ही तसेच रिक्षाने पाठविले. चूर्ण दिले नाही. गुळवेलही कर्करोगतज्ज्ञांस विचारल्याविना देऊ नये. 2021 साली मुंबईतील तज्ज्ञांनी तिच्या सेवनानंतरच्या यकृतविकाराचे रुग्ण प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला असला, तरी सावधगिरीत आपले काही जात नाही. औषधालयचालकांनीही ‘शक्तीसाठी काहीतरी’ मागणाऱ्या तरुणास चालू उपचार अवश्य विचारावेत.

प्रतिजैविकांनी ज्वर उतरला. त्यानंतर रात्रीचे तापमान तो मामांना कळवू लागला, आईला नव्हे.