शरणपूरचा धडा : आश्रय आणि स्वावलंबन

नाशिक शहरात शरणपूर रोड ठाऊक नाही असा माणूस विरळा. दुकाने, बँका आणि दवाखाने यांनी गजबजलेल्या या रस्त्यावरून रोज हजारो लोक जातात. परंतु हे नाव कोणत्या देवस्थानावरून वा पेशवाईतील सरदारावरून पडलेले नाही. इंग्लंडमधील चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५५ च्या सुमारास नाशिक गावाबाहेर एक ख्रिस्ती वसाहत उभारली. शरण आलेल्यांचे गाव म्हणून ते शरणपूर.

प्रस्तुत पाठात मिशनऱ्यांची स्तुती करायची नाही आणि निंदाही करायची नाही. आपला देश सोडून परमुलखातील गरिबांत पिढ्यान् पिढ्या काम केल्याने काय साधते आणि काय अडते, हे आपल्याला तपासायचे आहे. धर्मांतर केलेल्या समाजाने हा अभ्यास करणे अगत्याचे आहे.

वसाहत का उभारावी लागली?

या सोसायटीचे मिशनरी नाशिकला १८३२ पासून काम करीत होते. त्या काळी जो ख्रिस्ती होई त्याचे घर सुटे, विहीर तुटे, काम बंद होई. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये असा कायदा सरकारने १८५० साली केला. परंतु कायदा कचेरीत असतो आणि बहिष्कार गावात असतो. मडके भरू न देणाऱ्या गावावर फिर्याद कोण करणार? म्हणून मिशनने जागा दिली, घर दिले, शाळा काढली, सुतारकाम व लोहारकाम शिकवले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. जो घर देतो, काम देतो, मुलांना शिकवतो आणि प्रार्थनाही घेतो, त्याच्या हाती माणसाचे सगळे आयुष्य येते. मालक, मास्तर, न्यायाधीश आणि धर्मगुरू ही चारही नाती एकाच माणसाशी जुळतात. तो माणूस कितीही सज्जन असला तरी त्याच्यापुढे 'नाही' म्हणणे कठीण होते. शरणपूरचा धडा या एका गोष्टीत आहे.

आफ्रिकेतून आलेली मुले

१८६० पासून शरणपुरात आणखी एक प्रकारचे लोक येऊ लागले. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रज आरमार पकडीत असे. त्यांतून सुटलेली आफ्रिकन मुले मुंबईला आणली जात आणि त्यांतील बरीच नाशिकला पाठवली जात. आईबापांपासून तोडलेल्या, बाजारात विकल्या गेलेल्या या पोरांना शरणपुराने जीवदान दिले. हे ऋण नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्यांना नवी नावेही मिळाली. एडवर्ड गार्डनर, जेकब वेनराइट. एकाला तर सायमन प्राइस. आईने ठेवलेले नाव मात्र मागे पडले.

शाळेत इतिहास शिकवताना मी हे सांगतो तेव्हा मुले चकित होतात. डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी आफ्रिकेतील आपल्या शेवटच्या प्रवासासाठी १८६५ साली नाशिकच्या शाळेतील नऊ तरुण निवडले. जेकब वेनराइट मागाहून, १८७२ साली, मदतीच्या तुकडीबरोबर गेला. १ मे १८७३ च्या सुमारास लिव्हिंग्स्टन वारले. त्यांच्या सोबत्यांनी मृतदेह टिकवून दीड हजार किलोमीटरच्या आसपास चालत समुद्रकिनारी आणला. सुसी आणि चुमा हे त्या तुकडीचे म्होरके होते. चितांबोच्या गावातील झाडावर मृत्यूचा लेख कोरला तो नाशिकला शिकलेल्या जेकबने. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झाले, तेव्हा शवपेटीशी उभ्या असलेल्या मानकऱ्यांत आफ्रिकन असा तो एकटाच होता. सुसी व चुमा इंग्लंडला पोहोचले ते दफन उरकल्यावर. पुढे १८९२ साली जेकब आफ्रिकेतील उरांबो येथे वारला, तेव्हा जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही.

नाशिकचे लोक मोंबासात

१८७४ साली सोसायटीने प्राइस यांना पूर्व आफ्रिकेत पाठवले. मोंबासाजवळ मुक्त गुलामांची नवी वसाहत निघाली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिचे नाव फ्रियरटाउन पडले. नाशिकमधील सुमारे दीडशे आफ्रिकन स्त्रीपुरुष तिकडे गेले. तेथे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. शिक्षक, सुतार, लोहार, दुभाषे अशी कामे त्यांनीच सांभाळली. मोंबासाच्या त्या भागाला आजही फ्रियरटाउन म्हणतात.

परंतु शरणपुराचा साचाही बरोबर गेला. जमीन मिशनची, काम मिशनचे, शिक्षाही मिशनची. वसाहतीतील लोकांना फटके मारल्याचा आणि कोंडून ठेवल्याचा प्रकार १८८१ च्या सुमारास चव्हाट्यावर आला आणि सोसायटीला तेथील कारभार बदलावा लागला. गुलामगिरीतून सोडवून आणलेल्या माणसाच्या पाठीवर पुन्हा फटका बसावा, याहून मोठी विसंगती कोणती?

विल्यम जोन्स हे नाशिकमध्ये शिकलेले असेच एक गृहस्थ. ते आणि इश्माएल सेमलर १८६४ सालीच मोंबासाजवळच्या रबाईला धर्मकार्यासाठी गेले. त्यांना धर्मोपदेशकाची पहिली दीक्षा मिळाली ती १८८५ साली, म्हणजे एकवीस वर्षांनी! त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन यांचा वाटेत खून झाला, तेव्हा मागे थांबलेला तांडा सुखरूप किनाऱ्यावर परत आणला तो जोन्स यांनीच. काम विश्वासाने सोपवले जाई. अधिकार सोपवताना मात्र हात आखडे.

महाराष्ट्रातील अनुभव

आपल्याकडील हिशेबही दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. सिंथिया फॅरार या अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईला आल्या आणि १८६२ साली अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) वारल्या. सारे आयुष्य त्यांनी येथील मुलींच्या शिक्षणात वेचले. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. फॅरारबाईंची शाळा पाहून त्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली आणि सावित्रीबाईंनीही तेथे अध्यापनाचे शिक्षण घेतले. परंतु फुले दांपत्य मिशनचे नोकर झाले नाही. दिवा तेथून पेटवून घेतला, पण तेल स्वतःचे घातले. मिशनच्या कामाचे सर्वांत मोठे फळ मिशनच्या बाहेर उगवले, हे विसरता कामा नये.

मिशनच्या आतही ही जाणीव होती. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. अमेरिकन मराठी मिशनमध्ये बरीच वर्षे काम केल्यावर १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. ख्रिस्तावरील त्यांची श्रद्धा तसूभरही कमी झाली नव्हती. परदेशी पगारावर उभा असलेला धर्म या मातीत रुजणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

बाबासाहेबांची चिकित्सा

अस्पृश्यांचे ख्रिस्तीकरण आणि धर्मांतरिताची स्थिती या विषयांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र लेखन केले आहे. मिशनऱ्यांचे शिक्षणातील व वैद्यकीय सेवेतील कार्य त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले. त्याचबरोबर तीन कठोर प्रश्न विचारले. मिशनच्या कॉलेजांचा लाभ प्रामुख्याने उच्चवर्णीय हिंदूंनाच का झाला? बाप्तिस्म्यानंतरही जात का उरली? आणि अन्यायाविरुद्ध लढणारी चळवळ ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांतून का उभी राहिली नाही? त्यांनी दाखवलेले एक कारण मननीय आहे. माणसाच्या अधःपाताला त्याचे स्वतःचे पापच कारण आहे, असे शिकवले की समाजरचनेविरुद्ध उठण्याची ऊर्मी मावळते.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. निरनिराळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांनी त्यांना निमंत्रणे दिली. ते एकवीस वर्षे थांबले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी दीक्षा घेतली आणि दिली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावा असे सांगितले. ज्यांच्या घरी संध्याकाळची भाकर निश्चित नव्हती त्यांना हे सांगितले गेले! त्यातील मर्म उघड आहे. जो देतो तोच विचारू शकतो.

आपल्यापुढील प्रश्न

आपणही त्रिशरण म्हणतो. परंतु बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणे म्हणजे कोणाच्या वसाहतीत राहायला जाणे नव्हे. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी भिक्षूंना दुसऱ्याच्या आधारावर विसंबू नका, स्वतःच्या व धम्माच्या आधाराने उभे राहा, असाच उपदेश केला आणि आपल्या जागी कोणाला नेमले नाही.

याचा अर्थ परदेशी मदत विटाळ मानावी असा नाही. आपल्या त्रिरश्मी लेण्यांतील सतरा क्रमांकाचे लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचे दान आहे, असे तेथील शिलालेखच सांगतो. आजही परदेशातील बौद्धांच्या देणग्यांवर आपल्याकडे वसतिगृहे चालतात. त्यांचे आभार मानावेत आणि स्वतःला विचारावे की देणगी उद्या थांबली तर वसतिगृह चालेल काय? जी मुले तेथे शिकून नोकरीला लागली त्यांतील किती जण दुसऱ्या मुलाचा खर्च उचलतात? कारभारात त्या मुलांच्या आईबापांना बसायला जागा आहे काय?

आश्रय ही पहिली पायरी आहे. पावसात भिजणाऱ्याला आधी छप्परच हवे. परंतु वीस वर्षांनंतरही त्या छपराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असेल, तर सेवा करणाऱ्याने आणि सेवा घेणाऱ्याने, दोघांनीही हिशेब पाहावा.

विहारातील अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. शरणपुरासारखी वसाहत त्या काळी का आवश्यक होती?
२. जेकब वेनराइट व विल्यम जोन्स यांच्या जीवनावरून काम आणि अधिकार यांतील फरक सांगा.
३. फुले दांपत्याने मिशनच्या शिक्षणाचा उपयोग कसा केला?
४. आपल्या वस्तीतील विहार, वाचनालय वा वसतिगृह कोणाच्या पैशावर चालते? त्यातील विसावा भाग तरी आपला आहे काय?