कँटरची धूळ आणि सम-विषमाचा नियम



दोन विषम संख्यांची बेरीज नेहमी सम येते, हे तुम्ही लहानपणापासून जाणता. "याचा पुढे उपयोग काय?" हा प्रश्नही वर्गात हमखास येतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या उच्च गणितातील एका निष्कर्षाच्या मुळाशी हाच नियम आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

लाटा केव्हा परस्परलंब?

गुंतागुंतीचे फलही साध्या लाटांच्या बेरजेने लिहिता येते, हा विचार फ्रेंच गणिती फूरिए यांनी १८२२ च्या उष्णतेवरील ग्रंथात मांडला. लाट म्हणजे घड्याळाचा काटा समजा. आपण रेषेवर ० पासून १ पर्यंत गेलो की काटा जितक्या फेऱ्या मारतो, ती लाटेची वारंवारता. गणितात अशा लाटेला घातांकी फल म्हणतात.

दोन लाटा घ्या. त्यांच्या वारंवारतांच्या फरकाइतक्या फेऱ्या मारणारा काटा पाहा. त्याच्या सर्व दिशा एकमेकींना तोलून सरासरी शून्य आली, तर त्या लाटा परस्परलंब. अशा लाटा एकमेकींच्या हिशेबात ढवळाढवळ करत नाहीत, म्हणून प्रत्येकीचा वाटा वेगळा काढता येतो. सलग रेषाखंडावर पूर्णांक वारंवारतांच्या सर्व लाटा परस्परलंब असतात, आणि पुरतातही.

रेषेची धूळ झाली तर?

जर्मन गणिती कँटर यांनी १८८३ मध्ये एक संच मांडला. रेषाखंडाचे तीन समान भाग करून मधला खोडा. उरलेल्या प्रत्येक तुकड्याचे तेच करा, आणि असे अखंड करत राहा. शेवटी उरते ती बिंदूंची धूळ. तिची लांबी शून्य! आता एक वाटी साखर घ्या आणि दर पायरीला प्रत्येक तुकड्यावरची साखर त्याच्या दोन उपतुकड्यांत निम्मी-निम्मी वाटा. धुळीवर साखर ज्या रीतीने पसरते, तेच या फ्रॅक्टलचे माप. काट्याची सरासरी आता या साखरेवर काढायची.

डाव्या तुकड्यातील प्रत्येक कणाचा जोडीदार उजवीकडे बरोबर २/३ अंतरावर आहे. तेवढ्या अंतरात काटा अर्धी फेरी, किंवा दीड, अडीच अशा फेऱ्या फिरला, तर जोडीदार उलट दिशा दाखवतात आणि बेरीज शून्य होते. यासाठी फरक ३/४ च्या विषम पटीत हवा. पुढच्या पायरीला अंतर २/९, म्हणून फरक ९/४ च्या विषम पटीत, याप्रमाणे पुढे. सरासरी शून्य होण्याचा दुसरा मार्ग नाही. म्हणजे फरकाची चौपट नेहमी विषम संख्याच हवी.

आता अ, ब, क या तीन वारंवारता परस्परलंब आहेत असे माना. ४(ब−अ) विषम, ४(क−ब) विषम. त्यांची बेरीज ४(क−अ), म्हणून ती सम. पण तीही विषम हवी होती! म्हणून या धुळीवर दोनहून अधिक लाटा परस्परलंब असूच शकत नाहीत.

तिनाऐवजी चार

आता दर वेळी चार समान भाग करून पहिला आणि तिसरा ठेवा. जोडीदारांतील अंतरे १/२, १/८, १/३२ अशी येतात. म्हणून फरक विषम हवा, किंवा विषमाची ४ पट, १६ पट याप्रमाणे. ०, १, ४ घ्या: फरक १, ३ आणि ४. इथेही १ + ३ सम आहे, पण ४ = ४ × १ चालतो! पेच सुटला.

१, ४, १६, ६४... यांतील वेगवेगळ्या संख्यांच्या बेरजा करा: ०, १, ४, ५, १६, १७, २०, २१... या सर्व वारंवारता परस्परलंब आहेत. यॉर्गेनसन आणि पेडरसन यांनी १९९८ मध्ये सिद्ध केले, की त्या या धुळीसाठी पुरेशाही आहेत. जे काम सलग रेषेवर सर्व पूर्णांक करतात, ते इथे एवढ्याच संख्या करतात. तिनाच्या धुळीवर मात्र तिसरी लाटही बसत नाही.

करून पाहा

चाराच्या धुळीवर ० सोबत २ चालेल का? ८? १२? कारणासह वहीत लिहा आणि घरी आई-बाबांना समजावून सांगा. पालकांनाही विनंती, की उत्तरापेक्षा कारण विचारा.