कार्यप्रणाली बदलताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीच्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या थांबल्या. संगणक त्या दिवशी बंद पडले नाहीत. पण पुढे सापडणारी छिद्रे बुजविण्याची ती सोय राहिली नाही. आता घरचा संगणक विंडोज ११ वर न्यावा, तर पुष्कळदा तो ‘अपात्र’ ठरतो. किमान ४ गिगाबाइट स्मृती आणि ६४ गिगाबाइट साठवण असूनही घोडे अडते, ते बहुधा प्रोसेसरच्या वयावर किंवा टी.पी.एम. २.० नावाच्या भागावर. वयाची अट मला जाचक वाटते, टी.पी.एम.मागचे गणित मात्र समजून घेण्याजोगे आहे.

संगणक सुरू होताना आज्ञावल्या एकामागून एक जाग्या होतात. कार्यप्रणालीचा क्रमांक बराच मागचा असतो. तिच्या आधीच कोणी लबाड आज्ञावली घुसविली, तर ती पकडायची कशी ? युक्ती अशी, की प्रत्येक आज्ञावलीने पुढचीवर काम सोपविण्यापूर्वी तिचे ‘मापन’ करायचे आणि ते टी.पी.एम.मधील नोंदीत मिसळायचे.

समजा, नोंद शून्यापासून सुरू होते. नियम असा : जुन्या नोंदीला ७ ने गुणा, नवे मापन मिळवा आणि शेवटचे दोनच अंक ठेवा. मापने १२, ५ व ३१ असतील, तर नोंद १२, मग ८९, मग ६५४ मधले ५४. आता मधल्या आज्ञावलीत ढवळाढवळ होऊन ५ चे ६ झाले, तर १२, ९० आणि शेवटी ६१. मापने तीच, पण पहिल्या दोघांचा क्रम उलटला, तर ५, ४७ आणि ६०. एकाच आकड्यात साऱ्या साखळीची साक्ष !

आपल्या खेळण्यात एक खोट आहे. लबाडाला ६१ ऐवजी ५४ हवे असतील, तर शेवटचे मापन ३१ ऐवजी २४ करून काम भागते. (पडताळून पाहा.) खऱ्या नोंदीत सामान्यतः २५६ द्विमान अंक असतात, आणि मिसळण्याची रीत अशी, की हवे ते उत्तर आणणारे मापन उलट्या गणिताने काढणे व्यवहारात अशक्य ठरते.

चकती सांकेतिक लिपीत ठेवली असेल, तर तिची किल्ली टी.पी.एम. नोंद जुळली तरच देतो. येथेच घरोघरी घोटाळा होतो. कार्यप्रणाली बदलली की मापनेही बदलणारच. विंडोज स्वतः बदल करते तेव्हा ही तपासणी तात्पुरती स्थगित ठेवते. परंतु पात्रतेसाठी आपण हाताने सुरुवातीच्या मांडणीत फेरफार केला, तर संगणक ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागू शकतो. ती कोठेच नसेल, तर घरचे फोटो चकतीवर असूनही कोणालाच वाचता येणार नाहीत. म्हणून किल्ली आधी वहीत उतरवावी आणि फाइलींची प्रत वेगळ्या चकतीवर घ्यावी. २०० गिगाबाइट, सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने, म्हणजे २००० सेकंद. जेमतेम ३३ मिनिटे.

आणखी एक. चकती पुसून कोरी कार्यप्रणाली घातली, तर जुने, युनिकोडपूर्व मराठी टंकही जातात. मग त्यांत लिहिलेले निबंध आणि प्रश्नपत्रिका उघडल्यावर रोमन अक्षरांचा काला दिसतो. मजकूर गेलेला नसतो. टंक परत घातले की तो वाचता येतो. तेव्हा फाइलींबरोबर टंकांचीही प्रत घ्या.