हलती अक्षरे : वेबपानावरील अ‍ॅनिमेशन आणि मराठी लेखनाचे अध्यापन

सिकंदराबादेतील मराठी घरांतल्या मुलांना देवनागरीची ओळख बहुधा हिंदीच्या तासाला होते. तेलंगणाच्या २०१८ च्या कायद्याने पहिली ते दहावी तेलुगू अनिवार्य झाली आहे. मराठी लेखनासाठी उरतो तो घरचा संगणक किंवा मोबाइल. अशा मुलांसाठी वेबपानावर पाठ तयार करताना अ‍ॅनिमेशन कोठे वापरावे व कोठे टाळावे, याचा विचार येथे मांडतो.

माझ्या मते निकष एकच आहे : ज्या गोष्टीत मुळातच क्रम आहे, तीच हलवून दाखवावी.

पहिले उदाहरण ऱ्हस्व वेलांटीचे. ‘कि’मध्ये इकार व्यंजनानंतर उच्चारला जातो, इन्स्क्रिप्ट कळफलकावरही तो नंतरच टंकतात. कागदावर मात्र वेलांटी डावीकडे येते. पडद्यावर आधी ‘क’ दाखवून मग वेलांटी त्याच्या डावीकडे सरकत नेली, की उच्चार आणि लेखन यांतील फरक मुलांना दिसतो.

दुसरे उदाहरण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांचे. पहिल्या शब्दाचा अर्थ समुद्र. दुसरा ‘दरी’चे अनेकवचन. ‘दर्या’त र वर चढून ‘य’च्या डोक्यावर रफार होतो, ‘दऱ्या’त तो ‘य’च्या डावीकडेच अर्धा राहतो. हिंदीच्या लेखनात हा अर्धा र नसल्याने मुले येथे अडखळतात. दोन्ही हालचाली एकापाठोपाठ दाखवल्यास लांबलचक नियम सांगावा लागत नाही.

याउलट ‘ल’ आणि ‘श’ स्थिरच दाखवावेत. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श स्वीकारले आहेत. येथे मुद्दा क्रमाचा नसून तुलनेचा आहे. म्हणून हिंदी व मराठी वळणे शेजारी-शेजारी ठेवावीत. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांचा संकेतांक एकच असतो. त्यामुळे पानाची भाषा मराठी असल्याची नोंद करावी आणि मराठी वळणाची सोय असलेला फाँट निवडावा.

रचनेबाबत काही पथ्ये आवश्यक आहेत. एका वेळी एकच भाग हलवावा. हालचाल मुलाने बटण दाबल्यावर सुरू व्हावी आणि हवी तितक्या वेळा पुन्हा पाहता यावी. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या सुगम्यता सूत्रांनुसार, इतर मजकुराबरोबर आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांहून अधिक काळ चालणारी हालचाल थांबवण्याची सोय हवी; तसेच कोणताही भाग एका सेकंदात ३ पेक्षा अधिक वेळा लखलखू नये, कारण तीव्र लखलखाटाने काहींना झटके येऊ शकतात. उपकरणावर कमी हालचालीचा पर्याय निवडलेला असेल, तर पायऱ्यांची स्थिर चित्रे दाखवावीत.

उडणारी फुलपाखरे, सरकती शीर्षके, नाचणारे तारे पाठाच्या पानावर नकोत. मुलाची नजर तिकडे वळते आणि अक्षर मागे राहते. शेवटी पडदा थांबवून मुलाच्या हाती पेन्सिल द्यावी. अक्षर वहीत उतरले, तरच पाठ पूर्ण झाला असे मानावे.